काचेची पेनी, भाजक्या मातीचा सेन: युद्धात धातू संपले तेव्हा टांकसाळींनी केलेले प्रयोग

ठसा (धागाकर्ता)

दुसऱ्या महायुद्धातल्या नाण्यांवर मराठीत फारसं कोणी लिहीत नाही, आणि लिहिलं तरी "धातूटंचाईमुळे हलक्या धातूची नाणी पाडली" एवढ्या एका वाक्यात विषय आटोपतात. त्या एका वाक्यात किती काय काय दडलंय ते मला इथे मांडायचंय, कारण टांकसाळींच्या इतिहासात इतका धाडसी आणि इतका घाईगर्दीचा काळ दुसरा नसावा असं माझं ठाम मत आहे. चलनात आलेल्या नाण्यांबद्दल बोलूच, पण जी कधीच चलनात आली नाहीत, नुसती करून बघितली, ती मला जास्त जवळची वाटतात.

सुरुवात अमेरिकेपासून. तिथला एक सेंट म्हणजे पेनी तेव्हा ब्राँझची असायची, ९५ टक्के तांबं, बाकी कथील आणि जस्त, वजन ३.११ ग्रॅम. १९४२ साली फिलाडेल्फिया, डेन्व्हर आणि सॅन फ्रान्सिस्को अशा तिन्ही टांकसाळी मिळून जवळपास ९५ कोटी पेन्या पाडल्या गेल्या, म्हणजे हिशोब केला तर २९०० टनांच्या वर धातू नुसता चिल्लरीत गेला. हेच तांबं गोळ्यांच्या आणि तोफगोळ्यांच्या पुंगळ्यांना हवं होतं, तारांना हवं होतं, जहाजांना हवं होतं. कथिलाची तर आणखीच पंचाईत, कारण ते मोठ्या प्रमाणावर मलाया आणि डच ईस्ट इंडीज (आजचा इंडोनेशिया) इथून यायचं आणि १९४२च्या पहिल्या काही महिन्यांतच जपानने ते दोन्ही प्रदेश घेतले.

मग मिंटने, म्हणजे अमेरिकेच्या सरकारी टांकसाळीने, प्लॅस्टिकवाले, काचवाले, रबरवाले अशा बाहेरच्या कारखान्यांना कामाला लावलं, की तुमच्याकडच्या मालातून पेनीच्या मापाचं काहीतरी करून दाखवा. पण खऱ्या पेनीचे डाय, म्हणजे ठसा उठवायचे पोलादी साचे, असे खाजगी कारखान्यांत फिरवणं म्हणजे नकली नाणी पाडायला आमंत्रणच. म्हणून चाचणीसाठी वेगळेच डाय वापरले. एका बाजूला लिबर्टीचा, म्हणजे स्वातंत्र्यदेवीचा मुखवटा, तो कोलंबियाच्या २ सेंटाव्होच्या नाण्यावर असतो तसा, आणि दुसऱ्या बाजूला पानांच्या माळेत फक्त "युनायटेड स्टेट्स मिंट" ही अक्षरं. किंमत लिहिलेलीच नाही, त्यामुळे चुकून कोणाच्या हाती लागलं तरी ते चलन म्हणून खपणार नाही. मला हा विचार फार आवडतो, एवढ्या घाईतसुद्धा कोणीतरी बसून ही काळजी घेतली.

या एकाच डायने किती प्रकारच्या चकत्या दाबल्या गेल्या बघा. लाल, तपकिरी, बदामी अशा रंगांचं प्लॅस्टिक, कडक रबर, फायबर (थरावर थर दाबलेला कागदच), काच, ॲल्युमिनियम, जस्त, जस्त चढवलेलं पोलाद, मँगनीज, पितळ. आज यातले नमुने अगदी मोजके उरलेत आणि संग्राहक त्यांच्यासाठी जीव टाकतात.

काचेच्या नाण्याबद्दल थोडं सविस्तर लिहितो. हे टेनेसी राज्यातल्या किंग्सपोर्टच्या ब्लू रिज ग्लास कॉर्पोरेशनने केलं, कॉर्निंग या काच कंपनीच्या टेम्पर्ड, म्हणजे तापवून मजबूत केलेल्या काचेच्या कोऱ्या चकत्या घेऊन. रंग पिवळसर मधासारखा, आरपार दिसणारा. धातूची चकती थंड असतानाच प्रेसखाली दाबली जाते आणि ठसा क्षणात उठतो. काचेला ते चालत नाही, ती तापवावी लागते, डायही तापवावा लागतो, मग हळू दाबायचं आणि सावकाश थंड करायचं. एवढं करूनही मुखवट्याच्या केसांच्या बटा, माळेतली पानं बोथट उतरतात, कारण मऊ झालेली काच डायच्या बारीक कोपऱ्यांत शिरत नाही आणि शिरली तर निघताना गोलावते. जाडीही दर चकतीला थोडी वेगळी. आणि पडली की तडकणार. माहितीतली दोन नाणी उरलीत, त्यातलं एक अर्धं तुटलेलं. धड असलेलं जानेवारी २०१७ मध्ये लिलावात ७०,५०० डॉलरला गेलं.

शेवटी कौल मिळाला जस्त चढवलेल्या पोलादाला. १८ डिसेंबर १९४२ला कायदा झाला आणि १९४३ सालभर तिन्ही टांकसाळींनी मिळून १०९ कोटींहून जास्त पोलादी पेन्या पाडल्या. पण लोकांना त्या आवडल्या नाहीत, का ते पुढे बोलू, आधी तुमचे प्रतिसाद येऊ द्या.

वाचनवेडी

काय सुंदर विषय आणलात! काचेचं नाणं हे मी पहिल्यांदाच ऐकलं. वाचनखूण साठवली. पुढचं लवकर लिहा.

सरळवाट

छान लेख. एक शंका, ॲल्युमिनियम का नाही घेतलं? हलकं, न गंजणारं, स्वस्त, ठसाही सुंदर उठतो. जर्मनीत आणि फ्रान्समध्ये तर युद्धातच ॲल्युमिनियमची नाणी चालू होती ना?

ठसा

@सरळवाट, ठशाच्या दृष्टीने ॲल्युमिनियम उत्तमच, पण १९४२च्या अमेरिकेत प्रत्येक विमान ॲल्युमिनियमचं होतं आणि कारखान्यांना ते पुरत नव्हतं. तांबं वाचवायला ॲल्युमिनियम वापरणं म्हणजे एका खिशातलं काढून दुसऱ्या खिशाला भोक पाडणं. पर्यायी धातू निवडताना सगळीकडे हाच पेच होता, धातू नुसता चांगला असून भागत नाही, तो युद्धाला नको असलेला लागतो. आणि युद्धाला नको असलेला धातू शोधायला गेलात तर यादी फारच छोटी निघते. प्लॅस्टिकची अडचणही तीच, फिनॉलपासून प्लॅस्टिक बनतं आणि स्फोटकंही बनतात.

जर्मनीने ५० फेनिग ॲल्युमिनियमचं केलं हे बरोबर, पण खालची १, ५, १० फेनिगची नाणी १९४०पासून जस्ताची होती. व्हिशी फ्रान्समध्येही, म्हणजे जर्मनीशी हातमिळवणी केलेल्या फ्रेंच सरकारच्या काळात, बारीक चिल्लर जस्ताची आणि ५० सेंटीम, १ फ्रँक, २ फ्रँक ॲल्युमिनियमचे. हॉलंड आणि बेल्जियम जर्मनांच्या ताब्यात गेल्यावर तिथेही जस्त. युरोपचा नकाशा घ्या आणि जस्ताच्या नाण्यांचे देश रंगवत जा, जर्मन सैन्य कुठवर पोचलं होतं ते बऱ्यापैकी कळतं. स्वित्झर्लंड मात्र अपवाद, तो तटस्थ असूनही त्याला १९४२पासून १ आणि २ रापेन जस्ताचे करावे लागले.

रसायनमास्तर

पोलादी पेनी लोकांना का आवडली नाही ते मी सांगतो, कारण त्यात वर्गात शिकवण्यासारखं पुष्कळ आहे.

जस्त हे लोखंडापेक्षा जास्त क्रियाशील. त्याचं प्रमाण इलेक्ट्रोड विभव उणे ०.७६ व्होल्ट, लोखंडाचं उणे ०.४४. दोघं एकमेकांना चिकटलेले असताना ओलावा आला तर आधी जस्त झिजतं आणि लोखंड वाचतं, गॅल्वनाइज्ड पत्र्याचं तत्त्व तेच. पत्रा छतावर वर्षानुवर्षं टिकतो कारण त्याला कोणी रोज हात लावत नाही. नाण्याला मात्र घाम लागतो, घामात मीठ असतं, आणि खिशात घासून घासून जस्ताचा थर पातळ होत जातो. आधी चकाकी जाऊन राखाडी होतं, मग काळपट, मग पांढरी भुकटी, आणि जस्त संपलं की खाली तांबूस गंज.

पण खरी मेख कडेला आहे. पोलादाच्या पट्टीवर आधी जस्त चढवलं जायचं आणि मग त्या पट्टीतून चकत्या कापल्या जायच्या. म्हणजे दोन्ही तोंडांवर जस्त पण कापलेल्या कडेला उघडं पोलाद. कुठल्याही वापरलेल्या १९४३च्या पेनीची कड भिंगाखाली धरा, दोन बाजूंना करड्या जस्ताच्या बारीक रेघा आणि मध्ये तपकिरी गंजाचा पट्टा दिसेल. आधी चकती कापून मग प्लेटिंग केलं असतं तर हे टळलं असतं, पण १०९ कोटी सुट्या चकत्यांना प्लेटिंग करणं त्या वेळच्या घाईत आणि त्या वेळच्या यंत्रांवर झेपण्यासारखं नव्हतं असं मला वाटतं.

त्यात पोलाद कडक, त्यामुळे डायही लवकर झिजायचे.

ठसा

@रसायनमास्तर, कडेचं वर्णन अगदी जसंच्या तसं केलंत, धन्यवाद. त्यात भर म्हणजे नवीन पोलादी पेनी पांढरी चकचकीत असायची, त्यामुळे लोक तिला डाईम समजून फसायचे, म्हणजे एक सेंटच्या जागी दहा सेंट. आणि विक्रीयंत्रांत लोखंडाच्या खोट्या चकत्या पकडायला चुंबक बसवलेलं असायचं, ते चुंबक सरकारी पेनीलाही खोटी ठरवून अडवायचं.

तक्रारी इतक्या आल्या की एका वर्षात पोलाद बंद. १९४४ला परत तांबं आलं, पण वेगळ्या वाटेने, वापरून झालेल्या गोळ्यांच्या पुंगळ्या वितळवून. पुंगळीचं पितळ साधारण ७० टक्के तांबं ३० टक्के जस्त असं असतं, त्यात आणखी तांबं घालून ९५ला ५ असं प्रमाण केलं आणि कथील वगळलं. १९४६पर्यंतच्या पेन्या अशा आहेत. जे तांबं पेनीतून काढून गोळीत घातलं होतं तेच गोळीतून परत पेनीत आलं.

निळावंती

मस्त चाललाय धागा. मी कॅनडाचं टाकते, कारण तिथली कथा मला अमेरिकेपेक्षाही आवडते.

कॅनडाचं ५ सेंटचं नाणं १९२२पासून शुद्ध निकेलचं होतं, कारण निकेल त्यांच्याच खाणीत. पण चिलखती पोलादाला निकेल लागतं, म्हणून १९४२ला निकेल काढून टाकलं आणि टॉम्बॅक नावाचं पितळ आलं, ८८ टक्के तांबं आणि १२ टक्के जस्त. ते वापरून तपकिरी पडलं की एक सेंटसारखंच दिसणार, म्हणून नाणं गोल न ठेवता बारा कोनी केलं. अंधारात चाचपून कळेल असा साधा उपाय.

१९४३ला त्यावर बीव्हर जाऊन मशाल आणि विजयाचा व्ही आला. कोरणारा थॉमस शिंगल्स, त्याने डाय हाताने कोरला. आणि कडेला जिथे एरवी दातेरी नक्षी असते तिथे मोर्स कोडचे ठिपके आणि रेघा आहेत. वाचल्या तर वाक्य निघतं, "आपण मनापासून काम करतो तेव्हा जिंकतो" अशा अर्थाचं. ज्याला मोर्स येत नाही त्याला ती नक्षीच वाटते! पर्यायी धातूच्या नाण्यावर इतकं मन लावून काम केलेलं मी दुसरं पाहिलं नाही.

मग १९४४-४५ला टॉम्बॅकमधलं तांबंही जड झालं आणि क्रोमियम चढवलेलं पोलाद आलं. त्याचीही पट्टी आधी प्लेट करून मग चकत्या कापायचे, म्हणजे मास्तर म्हणाले तोच कडेचा गंज तिथेही.

भटका_जीव

वाचतोय, माहिती छान आहे पण एक प्रामाणिक प्रश्न. काचेचं, प्लॅस्टिकचं, रबराचं हे सगळं शेवटी फसलंच ना? दहा-बारा नमुने श्रीमंत संग्राहकांच्या तिजोरीत आहेत, त्यांची किंमत दुर्मीळ म्हणून आहे. चलनाच्या इतिहासात त्यांचं महत्त्व नेमकं काय? माझ्या मते जे नाणं बाजारात फिरलं तेच खरं नाणं.

ठसा

@भटका_जीव, प्रश्न चांगला आहे आणि मला याच्यावरच लिहायचं होतं.

नाणं म्हणजे काय याची यादी एरवी कोणीच करत नाही, कारण तांब्या-ब्राँझमध्ये सगळं आपोआप मिळतं. ते थंडच दाबता येतं, ठसा बारीक उठतो, गंजत नाही, हातात वजन लागतं, खाली टाकलं की ओळखीचा आवाज येतो, घरी बसून नकली करणं अवघड, आणि यंत्र त्याला ओळखतं. पण तांबं काढून घ्या आणि त्याच डायने दुसरं काहीतरी दाबा, लगेच एक एक गुण वेगळा होऊन दिसायला लागतो. काचेने दाखवलं की ठसा थंड उठणं किती मोलाचं आहे, कारण मिंट तासाला हजारोंनी नाणी पाडते आणि प्रत्येक चकती तापवत बसली तर कारखानाच बंद पडेल. प्लॅस्टिकने दाखवलं की वजन आणि आवाज नसेल तर माणसाच्या हाताला ते पैसे वाटतच नाहीत, शिवाय साचा आणि प्रेस असलेला कुठलाही बटणांचा कारखाना ते करू शकेल. आणि पोलाद तर चाचणीत पास झालं पण चलनात नापास झालं, म्हणजे खिसा, घाम आणि यंत्र या गोष्टी प्रयोगशाळेत पकडता येत नाहीत हेही कळलं.

ही माहिती १९४२च्या आधी अशी एकत्र कोणाकडेच नव्हती. म्हणून माझ्या लेखी ते अर्धं तुटलेलं काचेचं नाणंसुद्धा शंभर टक्के नाणेशास्त्राचा भाग आहे, लिलावातली किंमत बाजूला ठेवा.

आणि सगळे पर्याय फसले असंही नाही. इटलीने १९३९ला ॲकमोनिटाल आणलं, म्हणजे क्रोमियमचं स्टेनलेस पोलाद, परदेशी निकेलवर अवलंबून राहायचं नाही म्हणून. सुरुवातीच्या वर्षांत त्यात चुंबकाला चिकटणारे आणि न चिकटणारे असे दोन्ही प्रकार सापडतात, म्हणजे मिश्रण अजून ठरत होतं. मुसोलिनी गेला, युद्ध संपलं, पण धातू राहिला. १९५४-५५ला ५० आणि १०० लिऱ्याची नाणी त्याच धातूत आली आणि पुढे कित्येक दशकं इटलीच्या खिशात वाजत राहिली.

भटका_जीव

हे उत्तर पटलं. स्टेनलेसचं मूळ इथे असेल असं वाटलं नव्हतं.

मधुमालती

जपानबद्दल कोणीच लिहिलं नाही म्हणून मी लिहिते, मला तिथली नाणी पाहायची आवड आहे. जपानचा १० सेन (१०० सेनचा एक येन) एका ओळीत मांडला तर युद्धाची अख्खी कथा त्यात वाचता येते असं मला मनापासून वाटतं.

१९३३ ते १९३७ शुद्ध निकेल. निकेल जपानमध्ये जवळजवळ नाही, सगळं आयात, त्यामुळे लोकांच्या खिशात नाणी म्हणून निकेल साठवून ठेवायचं आणि वेळ आली की परत घ्यायचं असा विचार त्यामागे होता असं मानतात. १९३८ला चीनमधलं युद्ध पेटल्यावर निकेल बंद आणि ॲल्युमिनियम ब्राँझ सुरू. १९४०ला तांबंही गेलं, नुसतं ॲल्युमिनियम. मग विमानांसाठी ॲल्युमिनियम कमी पडायला लागलं तसं नाणं हलकं होत गेलं. हे १ सेनमध्ये फार स्पष्ट दिसतं, आधी ०.९ ग्रॅम, १९४१ला ०.६५, १९४३ला ०.५५. म्हणजे सरकार प्रत्येक नाण्यातून ग्रॅमचे दशांश वाचवत होतं, विचार करा.

१९४४ला कथील. कथील कशाला तर मलाया आणि इंडोनेशिया ताब्यात आल्यामुळे ते जपानकडे होतं, अमेरिकेला जे मिळत नव्हतं तेच. ५ आणि १० सेनला मधोमध भोक. पण कथील मऊ, झटकन झिजतं, आणि मुख्य म्हणजे अमेरिकन पाणबुड्यांनी जहाजं बुडवायला लागल्यावर ते जपानपर्यंत पोचेना. १९४५ला हातात काय उरलं, तर माती.

मग क्योतो, सेतो आणि आरिता इथल्या भट्ट्यांना नाण्यांचं काम दिलं. ही तिन्ही गावं चिनी मातीच्या भांड्यांसाठी पिढ्यान् पिढ्या प्रसिद्ध, जगातले उत्तम कुंभार तिथे. १ सेन लालसर तपकिरी, जेमतेम १५ मिलिमीटर, एका बाजूला फुजी पर्वत. यातली अडचण मातीकाम केलेल्यांना लगेच कळेल, माती भाजताना आकसते आणि भट्टीच्या प्रत्येक कोपऱ्यात उष्णता सारखी नसते, त्यामुळे लाखो नाणी अगदी एका मापाची काढणं हे भांडी करण्यापेक्षा कितीतरी कठीण. तरी १ सेनची दीड कोटीच्या घरात नाणी तयार झाली. ती अधिकृतपणे चलनात यायच्या आतच ऑगस्ट १९४५ला युद्ध संपलं आणि बहुतेक सगळी फोडून टाकली.

अलीकडे क्योतोत एका जुन्या कारखान्याच्या गोदामात यातली पाच लाखांहून जास्त नाणी सापडली. फोडायची राहून गेली होती!

वाचनवेडी

मधुमालती ताई, अंगावर काटा आला वाचताना. निकेल, तांबं, ॲल्युमिनियम, कथील, माती. हा वेगळा धागा काढा ना तुम्ही.

ठसा

@मधुमालती, हा प्रतिसाद धाग्याचा गाभाच झाला. याला जोडून मांचुकुओ, म्हणजे मांचुरियातलं जपानचं बाहुलं सरकार, तिथे १९४४-४५ला १ आणि ५ फेनची नाणी लालसर फायबरची निघाली आणि ती खरोखर चलनात होती. अमेरिकेने १९४२ला जे फायबर तपासून बाजूला ठेवलं ते इथे वापरात आलं. आणि अमेरिकेतही १९४४ला रेशनच्या सुट्ट्या पॉइंटांसाठी लाल आणि निळी फायबरची टोकन निघाली, मांस-लोणी वगैरेला लाल, डब्यातल्या भाज्या-फळांना निळी. व्हल्कनाइज्ड फायबर म्हणजे मुळात कागदच, झिंक क्लोराइडमधून काढून थरावर थर दाबलेला. काही महिने चालवायच्या टोकनला ते पुरतं, पंचवीस-तीस वर्षं फिरायच्या नाण्याला पुरत नाही.

सरळवाट

आपल्याकडचा भोकाचा पैसा पण यातलाच ना? १९४३चा?

रसायनमास्तर

हो, ब्रिटिश भारताचा १९४३ ते १९४७चा पैसा. त्याआधीचा पाव आणा ४.८६ ग्रॅमचा होता, भोकाचा साधारण २ ग्रॅम. धातू ब्राँझच ठेवला पण मधलं मोठं भोक आणि लहान आकार यांनी निम्म्याहून जास्त वाचवला. म्हणजे पर्यायी धातू शोधण्यापेक्षा आहे तोच धातू कमी वापरायचा, ही दुसरी वाट. मागणी इतकी की मुंबई आणि कलकत्ता टांकसाळींच्या जोडीला १९४३मध्ये लाहोरला टांकसाळ सुरू करावी लागली.

आणा, दोन आणे यांत मात्र धातू बदलला, १९४२पासून निकेल-ब्रास म्हणजे पिवळी नाणी आली. आणि रुपया १९४०ला चांदीच्या बाबतीत एकदम खाली आला, ११/१२ चांदीवरून निम्म्यावर. ५० टक्के चांदी, ४० तांबं, ५ निकेल, ५ जस्त, त्याला चतुर्धातू म्हणतात. लोकांनी जुने चांगले रुपये घरात दाबून ठेवले, ते साहजिकच होतं. त्याच वर्षी एक रुपयाची नोटही आली.

भटका_जीव

आपल्याकडे चांदी कमी केली आणि अमेरिकेत म्हणे चांदी घातली? ५ सेंटच्या नाण्यात युद्धकाळात चांदी होती असं कुठेतरी वाचलंय, ते खरं का?

ठसा

खरं आहे. ५ सेंटच्या नाण्यात २५ टक्के निकेल आणि ७५ टक्के तांबं असायचं, दोन्ही युद्धाला हवं. ऑक्टोबर १९४२पासून १९४५पर्यंत ते ५६ टक्के तांबं, ३५ टक्के चांदी, ९ टक्के मँगनीज असं केलं. चांदी सरकारी कोठारांत पडून होती आणि चिलखताला किंवा इंजिनाला तिचा उपयोग नव्हता, म्हणून त्या वेळी पर्यायी धातू हीच ठरली. मँगनीज कशाला, तर विक्रीयंत्रं नाण्याची विद्युतवाहकता तपासायची आणि चांदी-तांबं फार चांगलं वाहक आहे, मँगनीजने ती वाहकता खाली आणून जुन्या नाण्याच्या जवळ नेली. म्हणजे पेनीच्या वेळी यंत्रांचा जो घोळ झाला तो इथे आधीच निस्तरला होता. युद्धानंतर ही नाणी वेगळी काढता यावीत म्हणून मागच्या बाजूला मॉन्टिसेलोच्या, म्हणजे तिथे कोरलेल्या जेफरसनच्या घराच्या घुमटावर टांकसाळीचं मोठं अक्षर टाकलं, आणि फिलाडेल्फियाचं पी हे अक्षर अमेरिकन नाण्यावर पहिल्यांदा तिथेच आलं.

त्याच कोठारांतली सुमारे १४,७०० टन चांदी अणुबॉम्बच्या प्रकल्पाने उसनी नेली होती, टेनेसीतल्या ओक रिजला युरेनियम वेगळं करायच्या यंत्रांच्या चुंबकांत तांब्याच्या जागी वेटोळी करायला. तांब्याची टंचाई इतकी होती की चांदीच्या तारा परवडत होत्या.

निळावंती

यावरून बेल्जियम आठवलं. १९४४ला बेल्जियम मोकळं झाल्यावर तिथे चिल्लर नव्हती, म्हणून २ फ्रँकची अडीच कोटी नाणी फिलाडेल्फियात पाडून दिली, कशावर, तर १९४३च्या उरलेल्या पोलादी पेनीच्या कोऱ्या चकत्यांवर! अमेरिकन लोकांना नकोशी झालेली चकती तिकडे स्वातंत्र्यानंतरचं पहिलं नाणं झाली. मला ही गोष्ट फार आवडते.

आणि पोलंडचं बघा, जर्मन ताब्यात असताना तिथे जस्ताची १० आणि २० ग्रोशची नाणी निघाली पण त्यावर साल १९२३च, कारण जुनेच पोलिश डाय वापरले. पोलिश गरुडही तसाच. म्हणून १९२३चं जस्ताचं १० ग्रोश दिसलं तर ते १९२३चं नाही, ते ताब्यातल्या वर्षांचं. निकेलचं असेल तर मूळचं.

सरळवाट

शेवटचं विचारतो, १९४३ची तांब्याची पेनी लाखो डॉलरला जाते म्हणतात, ती काय भानगड आहे? माझ्या ओळखीतल्या एकाकडे १९४३ लिहिलेली तांबूस पेनी आहे.

ठसा

१९४२च्या ब्राँझच्या काही चकत्या डब्यांच्या किंवा यंत्राच्या सांदीत अडकून राहिल्या आणि १९४३च्या डायखाली गेल्या. तिन्ही टांकसाळी मिळून वीसच्या आसपासच माहीत आहेत. डेन्व्हरची तर एकच, ती २०१०ला १७ लाख डॉलरला गेली. उलटही झालं, पोलादाच्या उरलेल्या चकत्या १९४४च्या डायखाली गेल्या, म्हणून १९४४ची पोलादी पेनीही दुर्मीळ आहे.

तुमच्या ओळखीतल्यांना सांगा की सगळ्यात आधी चुंबक लावा. चिकटली तर ती पोलादी पेनीवर नंतर तांबं चढवलेली आहे, असल्या हजारोंनी फिरतात. नाही चिकटली तर वजन करा, ब्राँझची ३.११ ग्रॅमच्या आसपास भरली पाहिजे, पोलादी २.७० भरते. दोन्हीत पास झाली तर भिंगाखाली ३ हा आकडा नीट बघा. १९४८च्या पेनीवरचा ८ डावीकडून घासून ३ केलेला असतो, हे फार चालतं. खऱ्या १९४३च्या ३ची शेपूट लांब असते आणि बाकीच्या आकड्यांच्या तळाखाली उतरते, तो आकार पोलादी १९४३ शेजारी ठेवला की लगेच जुळवता येतो. हे सगळं जुळलं तरच तज्ज्ञांकडे न्या, आणि तोवर काहीही झालं तरी पेनी घासून चकचकीत करू नका.

सरळवाट

चुंबक लावायला सांगतो आणि इथे कळवतो.